दुखण्याचें भय कसें मोजावें?

ज्वर मोजावयास तापमापक आहे, वजन करावयास कांटा आहे. परंतु पाठ दुखणाऱ्या मुलास वांकण्याचें जें भय वाटतें, तें मोजावयाचें कशानें? प्रश्न चमत्कारिक वाटेल. तथापि त्याच्या उत्तरावर कित्येक मुलांचें शिक्षण अवलंबून असतें.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अथवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतें. इजा भरून आली तरी अशी वेदना मागें राहूं शकते. मग ‘हाललों तर पुन्हा कांहीं तरी बिघडेल’ ही शंका मनांत घर करते. दुधानें तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसें तें मूल प्रथम खेळ सोडतें, मग ओझें टाळतें, शेवटीं शाळाही टाळतें. अंग न हलविल्यानें स्नायू दुर्बळ होतात, सोबती दुरावतात, मन खचतें आणि थोड्या श्रमानेंही अधिक दुखूं लागतें. व्लायेन व लिंटन या शास्त्रज्ञांनीं २००० सालीं या दुष्टचक्राचें विस्तृत विवेचन केलें.

हें भय मोजण्याच्या दोन रीति आहेत. पहिली प्रश्नावलीची. टॅम्पा नांवाच्या मोजपट्टींत १७ विधानें असून प्रत्येक विधान आपणांस कितपत पटतें, हें रुग्ण सांगतो. दुसरी रीत चित्रांची. नेदरलंड्समध्यें प्रौढ रुग्णांसाठीं दैनंदिन कामांच्या छायाचित्रांचा संच तयार झाला; पुढें २०१५ सालीं कुमारवयीन मुलांसाठींही तसा संच प्रसिद्ध झाला. चित्रांतील काम आपल्याला कितपत अपायकारक वाटतें, हें मुलानें अंकांत सांगावयाचें. ‘मला भीति वाटते’ असें म्हणावयास लाजणारा मुलगा चित्रास अंक देतांना सहसा अडखळत नाहीं. शिवाय भय आहे एवढेंच नव्हे, तर तें नेमकें कोठें आहे, हेंही कळतें.

मात्र चित्रें कोणाच्या आयुष्यांतील असावींत? बीड जिल्ह्याचें उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेथून सहस्रावधि कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. कांहीं मुलें आईबापांबरोबर कोपींत राहतात, कांहीं आजी-आजोबांपाशीं मागें राहतात. या मुलांपुढें परदेशांतील घराचीं चित्रें ठेवून काय उपयोग? त्यांस दाखवावें तें हापशावर पाणी भरणें, हंडा कमरेवर घेणें, धाकट्या भावंडास कडेवर उचलणें, वर्गांत तासन् तास मांडी घालून बसणें, एस. टी.च्या गर्दींत उभें राहणें. भय मोजावयाचें तर मापही त्याच मातींतलें हवें.

येथें एका विवेकाची मात्र फार गरज आहे. प्रत्येक भय खोटें नसतें. उसाची जड मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्यें चढण्याचें भय बाराव्या वर्षीं वाटणें हा आजार नव्हे, तें शहाणपण आहे. तें भय घालवावयाचें नसून ती मोळीच मुलाच्या डोक्यावरून उतरवावयाची आहे. तसेंच कण्याचा क्षय, संधिवात वगैरे रोग नाहींत ना, याची तपासणी आधीं झालीच पाहिजे. त्यासाठीं अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. धोका नाहीं असें ठरल्यावरच भयाच्या मापनास अर्थ येतो.

मग तीच चित्रें उपचाराची शिडी होतात. ज्या चित्रास सर्वांत कमी अंक दिला, तें काम मुलानें जाणत्या उपचारकासमोर प्रथम करून पाहावयाचें. मनांत योजिलेलें संकट येत नाहीं, हें त्याला स्वतःच्या देहानें कळतें. अंक उतरतो आणि पुढील पायरी चढतां येते. कांहीं आठवड्यांनीं पुन्हा मोजावें म्हणजे प्रगति स्पष्ट दिसते.

घरांतील वडील माणसें या कामीं दोन प्रकारें चुकतात. कोणी म्हणतो, ‘सोंग करतें आहे’. कोणी म्हणतो, ‘पडून राहा, उठूं नकोस.’ पहिल्यानें मुलाचा विश्वास जातो, दुसऱ्यानें बळ जातें. वेदना खरी आहे हें मान्य करून, ‘आज यांतलें कोणतें काम करून पाहशील?’ असें विचारणारें माणूस त्या मुलास हवें असतें. मोजपट्टीचें काम मुलास खोटें पाडण्याचें नाहीं; त्याच्याजवळ बसून हा प्रश्न नेमका विचारतां यावा, एवढ्यासाठींच ती आहे.