वेगासाठी काय गृहीत धरले?
(सातारा-सांगली परिसरातील संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या सांगली येथील परिषदेत केलेले अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने आभार लांबवले की भाषण आपोआप आखूड होते आणि श्रोते सुटतात. तुमची इतक्या सहज सुटका करण्याचा माझा विचार नाही. म्हणून संयोजकांचे मनापासून आभार मानतो आणि थेट खटाव तालुक्यातल्या बुध गावी जातो.

बुध येथे २७ जुलै १९११ रोजी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म झाला. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. जर्झी नेमन आणि ईगॉन पिअरसन यांच्या हाताखाली काम करून १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे दिल्लीत कृषी संशोधन परिषदेची सांख्यिकी शाखा त्यांनी उभी केली आणि त्यानंतर रोमला अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. नमुना पाहणीवरचा त्यांचा १९५४ चा ग्रंथ आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाटात आहे. निदान असायला हवा. सातारा जिल्ह्याने जगाला दिलेला हा संख्याशास्त्रज्ञ आपल्याच विद्यार्थ्यांना फारसा माहीत नाही, ही गोष्ट मला बोचते. पण आज मी त्यांचे नाव घेतो आहे ते गौरवासाठी नव्हे. पीककापणीच्या एका वादासाठी घेतो आहे.

शेतात किती पीक आले हे ठरवायला सगळे शेत कापत नाहीत. यदृच्छेने एक तुकडा आखतात, तेवढाच कापतात आणि वजन करतात. तुकडा केवढा असावा? बंगालात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकडे घेत. लहान तुकडा लवकर कापून होतो, त्याच पैशात जास्त ठिकाणी जाता येते, म्हणजे नमुना मोठा आणि प्रमाण त्रुटी कमी. कागदावर हिशेब बिनतोड. सुखात्मे म्हणाले, तुकडा जितका लहान तितके उत्पन्न फुगून दिसते. १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हे मांडले. कारण साधे आहे. हद्दीवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे झुकतो. एक मीटर बाजूच्या चौकोनात एका चौरस मीटरमागे हद्द चार मीटर. दहा मीटर बाजूच्या चौकोनात तीच चाळीस सेंटिमीटर. म्हणजे हद्दीवरची लबाडी, किंवा भाबडेपणा म्हणा, लहान तुकड्यात दहापट. आणि ही चूक नमुना वाढवून कमी होत नाही. उलट चुकीच्या उत्तरावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो.

महालनोबिसांची बाजू लंगडी नव्हती. स्वतः तयार केलेली माणसे असतील तर हा झुकाव आवरता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. पण सुखात्म्यांनी विचारलेला प्रश्न त्याहून मोठा होता: वेग मिळवण्यासाठी तुम्ही काय गृहीत धरलेत, आणि ते शेतात खरे आहे का?

हाच प्रश्न मला आज कंपायलरला विचारायचा आहे. आपण संख्याशास्त्रवाले आर वापरतो, पायथन वापरतो. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली आर ही प्रणाली १९९५ पासून मुक्त परवान्याखाली आहे. तिच्या पोटात सी आणि फोरट्रानचा कोड आहे. तो कोड आपल्या यंत्राला समजेल अशा रूपात आणतो तो कंपायलर, बहुतेक ठिकाणी जीसीसी. कंपायलर नुसते भाषांतर करत नाही, तो कोड सुधारतो. लूपच्या प्रत्येक फेरीत तेच गणित होत असेल तर ते लूपच्या बाहेर काढतो. ज्याचे उत्तर कोणी वापरतच नाही ते काम टाकून देतो. चार वेगवेगळ्या बेरजा एका फटक्यात होत असतील तर करतो. आर बांधताना नेहमी वापरतात त्या ओ-टू या पातळीवर हे सगळे होते आणि उत्तराला धक्का लागत नाही.

बेरजेच्या बाबतीत मात्र कंपायलर बिचकतो, आणि बिचकायलाच हवा. ०.१ आणि ०.२ मिळवून त्यात ०.३ मिळवा, यंत्र ०.६००००००००००००००१ म्हणेल. आधी ०.२ आणि ०.३ मिळवून मग ०.१ मिळवा, ०.६ येईल. शाळेत शिकलेला साहचर्याचा नियम यंत्राच्या दशांशांना लागू नाही. त्यामुळे बेरजेचा क्रम बदलून वेग वाढवता येत असला, तरी जीसीसी ओ-थ्री या पातळीवरही तसे आपणहून करत नाही. त्यासाठी तुम्हाला वेगळे सांगावे लागते, आणि सांगण्याचा सोपा मार्ग म्हणजे फास्ट-मॅथ नावाचा पर्याय.

या पर्यायाचा एक नमुना जवळून पाहू. पावसाळ्यात आपल्याकडे रोज कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथल्या पावसाचे आकडे छापून येतात. समजा अशा एखाद्या केंद्रावर चार दिवस नोंद झालीच नाही. रस्ता खचला असेल, वीज गेली असेल. नोंद नाही आणि पाऊस शून्य, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. उलट नोंद चुकते ती बहुधा धो धो पावसाच्याच दिवशी. आरमध्ये अशा रिकाम्या जागी एनए असते. यंत्राच्या दृष्टीने ती ‘संख्या नाही’ या प्रकारातली एक खूण आहे, आणि त्या खुणेच्या पोटात १९५४ हा आकडा दडवलेला आहे. ते इहाकांचे जन्मवर्ष.

आता एका विद्यार्थ्याने पॅकेजसाठी सीमध्ये छोटा लूप लिहिला: प्रत्येक नोंद पाहा, ती ‘संख्या नाही’ असेल तर मोजणी एकने वाढव. ओ-टूवर उत्तर चार येते. कुठल्याशा मंचावरून कोणीतरी ‘यामुळे कोड दुप्पट पळतो’ म्हणून फास्ट-मॅथ उचलले, आणि उत्तर शून्य आले. कंपायलर खोटे बोलला का? मुळीच नाही. फास्ट-मॅथ म्हणजे आपण त्याला दिलेले वचन असते की माझ्या माहितीत ‘संख्या नाही’ असे काही कधीच येणार नाही. वचन खरे मानून त्याने विचार केला: अट कधीच खरी होणार नाही, म्हणून मोजणी कधीच वाढणार नाही, म्हणून लूपच नको. मुसळधार पावसाचे चार दिवस त्याने शिस्तीत पुसून टाकले. ना इशारा, ना त्रुटीचा संदेश.

फास्ट-मॅथचा हा परिणाम दुसऱ्याच्या घरातही शिरू शकतो. २०२२ मध्ये पायथनच्या काही पॅकेजांत असे उघड झाले की फास्ट-मॅथने बांधलेले एखादे पॅकेज नुसते उघडले, तरी प्रोसेसरची मांडणी बदलते आणि अतिसूक्ष्म संख्या सरसकट शून्य होतात. एका पॅकेजच्या घाईचा फटका शेजारच्या निर्दोष पॅकेजला. जीसीसीच्या १३ व्या आवृत्तीत सामायिक लायब्ररींपुरते हे वर्तन बंद झाले. ते बंद होऊ शकले, कारण बाहेरच्या एका माणसाला कोड उघडून शेवटपर्यंत शोधत जाता आले.

सगळा दोष कंपायलरच्या माथी मारून आपण संख्याशास्त्राच्या शिक्षकांनी हात झटकू नयेत. प्रात्यक्षिकाच्या वहीत आपण प्रचरण काढायची सोपी रीत शिकवतो: वर्गांची बेरीज करा, त्यातून सरासरीचा वर्ग गुणिले संख्या वजा करा, भागा. कॅल्क्युलेटरच्या काळात ती सोय होती. आता १००००००००१, १००००००००२ आणि १००००००००३ या तीन संख्या घ्या. प्रचरण १ आहे, हे कोणीही तोंडी सांगेल. आपल्या सोप्या रीतीने यंत्राच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेत काढा. उत्तर २५६ च्या पटीतच येऊ शकते. शून्य येईल, २५६ येईल, कदाचित उणे २५६ येईल. १ येणे अशक्य. वर्ग इतके मोठे होतात की जवळच्या दोन संख्यांमधले अंतरच शेकड्यांत जाते. अशा चुकांपासून सावध राहून आरमधले सरासरीचे फंक्शन आधी सरासरी काढते आणि मग उरलेल्या फरकांवर दुसरी फेरी मारून ती दुरुस्त करते. हा कोड कोणालाही वाचता येतो. आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे, ते हात वर करायला लावून मी तुम्हाला अडचणीत आणत नाही.

आणखी एक जुनी समजूत. ‘आरमध्ये लूप लिहिणे पाप’ हे आपण अजून फळ्यावर लिहितो. ल्यूक टिअर्नी यांच्या बाइटकोड कंपायलरनंतर, आणि २०१७ च्या ३.४.० आवृत्तीपासून फंक्शने आपोआप कंपाइल होऊ लागल्यावर, त्या पापाची तीव्रता बरीच उतरली आहे. टिपणे बदलायला हवीत.

आता एका घटनेकडे येतो, ती मला या विषयातली सर्वांत बोधप्रद वाटते. रेखीय बीजगणितासाठी आर ज्या लापॅक लायब्ररीवर उभे आहे, ती फोरट्रानमध्ये आहे. सीमधून फोरट्रानला एखादे अक्षर पाठवायचे तर त्या अक्षराबरोबर त्याची लांबीही गुपचूप पाठवावी लागते, असा फोरट्रान कंपायलरचा संकेत. लांबी नेहमी एकच, मग पाठवायची कशाला, म्हणून जगभरच्या सी प्रोग्रामांनी ती वर्षानुवर्षे पाठवलीच नाही. काही बिघडले नाही. मग जीसीसीच्या ७, ८ आणि ९ या आवृत्त्यांत फोरट्रान कंपायलरने फंक्शनच्या शेवटच्या कॉलला नवी जागा न घेता जुनीच जागा वापरायला सुरुवात केली. उत्तम ऑप्टिमायझेशन. पण कधीच न पाठवलेल्या त्या लांबीच्या जागी कॉल करणाऱ्याचेच सामान होते, आणि आता त्यावर लिहिले जाऊ लागले. २०१९ मध्ये आरच्या टॉमस कालिबेरा यांनी हे यंत्रभाषेपर्यंत उतरून शोधले आणि जाहीर लिहिले.

चूक कोणाची? नियमाच्या पुस्तकाप्रमाणे सी प्रोग्रामांची, म्हणजे आरचीही. पण ‘तुम्ही चुकलात, भोगा’ असे कंपायलरवाल्यांनी म्हटले नाही. त्यांनी तात्पुरती पळवाट देणारा पर्याय घातला आणि आरने आपले कॉल दुरुस्त केले. ही सगळी चर्चा उघड्यावर झाली, आज कोणीही ती वाचू शकतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये हेच घडले असते, तर आपल्याला एवढेच कळले असते की नवी आवृत्ती आली आणि जुना प्रोग्राम कोसळतो. आपल्या महाविद्यालयांत मुक्त सॉफ्टवेअरचे कौतुक ‘फुकट मिळते’ एवढ्यावर थांबते. परवान्याचे पैसे वाचतात हे खरेच, आणि ग्रामीण महाविद्यालयाला ती लहान गोष्ट नाही. पण गृहीतके तपासता येतात, ही त्याहून मोठी कमाई आहे, आणि आपण ती वसूल करत नाही.

हे काम मराठी मुलखात होत नाही असे नाही. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर यांनी जीसीसीवर वर्षानुवर्षे काम केले, देशभरच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेला डेटा फ्लो विश्लेषणावरचा ग्रंथ २००९ चा. कोणती किंमत कुठपर्यंत खरी राहते, हे कंपायलरला कसे कळावे, याचे ते शास्त्र. त्याच संस्थेच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे आरमध्ये सोडवून खुली ठेवतात, आणि स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठी आवाजातही आहेत. इथे सांगलीत वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. माणसे आहेत, साधने आहेत.

अडचण भिंतीची आहे. एकाच महाविद्यालयात संख्याशास्त्राचा विभाग एका मजल्यावर आणि संगणकशास्त्राचा दुसऱ्या मजल्यावर असतो. कंपायलरचा पेपर शिकणाऱ्या मुलाला प्रचरण दोन तऱ्हांनी काढले तर उत्तर का बदलते हे कोणी दाखवत नाही, आणि प्रतिगमन शिकणाऱ्या मुलीला तिचे पॅकेज कोणत्या पर्यायांनी बांधले गेले हे पाहायचे असते, याची कल्पनाही दिली जात नाही. प्रयोगशाळेत आता तऱ्हेतऱ्हेचे संगणक असतात. नव्या अॅपल संगणकांत ‘लाँग डबल’ ही जास्त अचूक संख्या साध्या डबलइतकीच असते. जुन्या इंटेल यंत्रांत ती ऐंशी बिटांची. त्यामुळे शेजारच्या दोघांची उत्तरे पंधराव्या-सोळाव्या अंकात वेगळी येऊ शकतात. परीक्षक त्यातल्या एकाचे गुण कापतो, आणि एक चांगला प्रश्न तिथेच मरतो.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. दोन्ही विभागांनी मिळून एक प्रात्यक्षिक घ्यावे. कृष्णेच्या पाणीपातळीचे आकडे घ्या. आयर्विन पुलावरची पातळी पुराच्या दिवसांत सांगलीकर घड्याळासारखी पाहतो, त्यामुळे या आकड्यांशी मुलांचे नाते आहे. त्यात मुद्दाम काही नोंदी गाळा. सीमधले एकच फंक्शन ओ-झिरो, ओ-टू आणि फास्ट-मॅथ असे तीनदा बांधा. सरासरी, प्रचरण आणि गाळलेल्या नोंदींची संख्या तिन्ही वेळा काढा. कुठे फरक पडला आणि का पडला, ते पानभर मराठीत लिहा. एखाद्या सार्वजनिक पॅकेजमध्ये असा दोष सापडला तर तो पॅकेज सांभाळणाऱ्याला रीतसर कळवा. लहानात लहान उदाहरण, आवृत्ती, वापरलेले पर्याय, सगळे जोडून. दोष नीट कळवता येणे हे कोड लिहिण्याइतकेच कौशल्याचे काम आहे आणि आपल्याकडे ते कुठल्याच पेपरात नाही.

अभ्यासक्रमात बसत नाही, असे तुम्ही म्हणाल. अभ्यास मंडळाची बैठक होईल तेव्हा होईल. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्याच हातात असतात, तिथून सुरुवात करता येते. ज्या महाविद्यालयांना जमेल त्यांनी या सत्रानंतर बाहेरच्या टेबलावर नावे द्यावीत. पुढच्या सत्राचे अध्यक्ष वेळेचे पक्के आहेत आणि मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा माइक त्यांच्याकडे देतो.