'सांक्तुस' या विशेषणाविषयीं
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आमच्या बालपणीं मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे. 1962 ते 1965 या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मायबोलींत होऊं लागली, आणि अर्थ न जाणतां जे शब्द आम्ही तोंडपाठ म्हणत होतों, ते कानांआड गेले. त्यांतील एकाची आज आठवण करावी असें वाटतें.

तो शब्द 'सांक्तुस'. 'सांचिरे' म्हणजे विधिपूर्वक कायम करणें, उल्लंघन होऊं नये असें ठरविणें. त्या क्रियापदाचें हें कर्मणि धातुसाधित. रोमन कायद्यांत नगराच्या तटास व वेशींस हेंच विशेषण लावीत. म्हणजे मूळ अर्थ 'निर्मळ' असा नसून 'ज्याचा भंग करूं नये' असा आहे. आपला 'पवित्र' शब्द मात्र शुद्ध करणें या अर्थाच्या 'पू' धातूपासून निघाला. एकांत मर्यादा, दुसऱ्यांत शुद्धि. भाषांतरांत हा भेद लोपतो, याची आम्हांस हळहळ वाटते. 'संत' शब्द तर कानास अगदीं जवळचा. पण तो संस्कृत 'सत्' पासून आला, लॅटिनाशीं त्याचें नातें नाहीं. येथें आम्हीही पुष्कळ वर्षें फसलों होतों.

आपण चांगला, चांगली, चांगलें म्हणतों, तसेंच सांक्तुस, सांक्ता, सांक्तुम. विभक्तीप्रमाणेंही रूप पालटतें: क्रुसाच्या खुणेंत 'स्पिरितुस सांक्ति' ही षष्ठी, पित्याच्या गौरवाच्या प्रार्थनेंत 'स्पिरितुई सांक्तो' ही चतुर्थी. 'क्रुक्स', म्हणजे क्रूस, हा शब्द लॅटिनांत स्त्रीलिंगी, म्हणून 'सांक्ता क्रुक्स'. तेंच पोर्तुगीजांत 'सांता क्रूझ' झालें, व मुंबईच्या उपनगरास तें नांव मिळालें.

संबोधनांत पुरुषास 'सांक्ते', स्त्रीस 'सांक्ता'. आमची आजी संतांच्या लितानींत मरियेप्रमाणेंच पेत्रासही 'सांक्ता' म्हणे. गायकवृंदांतलीं आम्ही मुलें हंसत असूं, आणि व्याकरण शिकल्यावर आम्ही तिला अनेकदां दुरुस्त केलें. शेवटच्या दुखण्यांत तिनें तीच लितानी म्हणावयास सांगितली. आम्ही 'सांक्ते पेत्रे' म्हटलें. तिनें क्षीण स्वरांत 'सांक्ता पेत्रे' म्हटलें. त्यापुढील नांवें आम्ही तिच्याच रीतीनें म्हटलीं.