रेडिओ बंद झाल्यावर



१९५६ सालची गोष्ट. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू होऊन दोन-अडीच वर्षंच झाली होती. युनेस्कोच्या मदतीनं त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग झाला. गावोगाव वीस-वीस जणांची श्रोता मंडळं जमली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे पुण्याहून त्यांच्यासाठी खास कार्यक्रम लागे. विषय त्यांच्याच रोजच्या जगण्यातले: शेती, आरोग्य, साक्षरता, गावचा कारभार.

मूळ कल्पना कॅनडाची. तिथल्या शेतकरी मंडळांचं ब्रीद होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. आपल्याकडे त्यातलं ‘वाचा’ गळलं. मंडळात अक्षरओळख नसलेलेही पुष्कळ होते. पण ऐकायला आणि बोलायला अक्षर कुठे लागतं?

कार्यक्रम संपला की रेडिओ बंद व्हायचा, आणि खरा वर्ग तिथून पुढे भरायचा. ऐकलं ते आपल्या रानात चालेल का? खर्च किती? आधी कोण करून बघणार? जमलेल्यांतला एक जण हे सगळं टिपून घ्यायचा. सुटले नाहीत ते प्रश्न पुण्याला जायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून गावाला मिळायची. म्हणजे त्या रेडिओला तोंड होतं, तसे कानही होते.

समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. तुलनेला अशीही गावं घेतली होती, जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली; बाकीच्या गावांत फारसा फरक दिसला नाही. शिवाय मंडळात बसून गावकरी गावाच्या कामांचे निर्णयही घेऊ लागले. १९५९ पासून ही मंडळं देशभर सुरू झाली.

त्यानंतर दूरदर्शन आलं, उपग्रह आले, मुक्त विद्यापीठं आली. आता धडा प्रत्येकाच्या खिशात आहे. तो ऐकून झाल्यावर त्यावर बोलायला शेजारी कोणी आहे का, हे मात्र आपण विचारत नाही. दूरच्या शिक्षणालाही जवळचं माणूस लागतं, हे त्या दीडशे गावांनी आपल्याला दाखवून दिलं आहे.

म्हणून एक विनंती. हे भाषण संपलं की रेडिओ थोडा वेळ बंद ठेवा आणि घरात जे कोणी असेल त्याला विचारा, ‘तुला काय वाटतं?’