छायाचित्रातील वेष आणि आपण



फ्लोरिडातील सेमिनोल लोकांचा रंगीत पट्ट्यांचा वेष आपणांपैकी कित्येकांनी सहलीत पाहिला असेल. तो ‘पारंपरिक’ म्हणून दाखविला जातो. परंतु १९१० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीचे स्किनर हे ज्युलियन डिमॉक या छायाचित्रकारासह दक्षिण फ्लोरिडाच्या दलदलीत गेले, तेव्हाच्या चित्रांत पुरुषांचे लांब सदरे व स्त्रियांच्या गळ्यातील काचमण्यांच्या माळांची रास दिसते. आज प्रसिद्ध असलेले तुकड्यांचे जोडकाम बहरले ते त्यानंतरच्या दशकात, हाताने फिरवावयाच्या शिवणयंत्रावर. तीन युद्धांनंतर उरलेले हे लोक १८८०-८१ मध्ये मॅककॉली यांच्या गणतीत अवघे २०८ भरले होते. त्यांच्या लेकीसुनांनी बाजारचे कापड आणि परक्यांचे यंत्र घेऊन आपली ओळख शिवली!

आपल्याकडेही १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यांतील बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही, जात वा जमात आहे. वेषावरून जात ओळखावी, हा त्यातील हिशेब गावगाड्याला नवा नव्हता. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलण्यास आणि कथलाचांदीच्या दागिन्यांचा भार उतरविण्यास सांगितले. सेमिनोल स्त्रीची माळ हा तिचा मान होता. आपल्या आजीच्या गळ्यातील भार ही अस्पृश्यतेची खूण होती. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर दागिनेच दिसतील, हा भेद दिसणार नाही.

डिमॉक यांच्या त्या प्रवासानंतर सहाच वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, त्याच न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठातील गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. ज्यांची चित्रे काढून वर्णने लिहावयाची, त्यांच्यातीलच एक जण तेथे विवेचन करीत होता. सेमिनोलांनीही १९९७ साली बिग सायप्रस येथे स्वतःचे संग्रहालय उघडले.

येथील शाळांत मुलांना देशी वेष घालून यावयास सांगतात, तेव्हा आपल्या घरांत वाद होतो. आजीला नऊवारी हवी, वडिलांना सूट, आईला दीक्षेची पांढरी वस्त्रे. आम्हांस यांतील एकही अनुचित वाटत नाही. मात्र चित्राखालचा मजकूर मुलीने स्वतः लिहावा, शिक्षिकेने नव्हे.

आणि एक विनंती. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेची जी घरगुती छायाचित्रे आपणांजवळ असतील, त्यांच्या पाठीवर माणसांची नावे व गाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. ते चेहरे ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.