पंप मोठा झाला, औषध किती?

आजचा एपिसोड छोटा आहे आणि विषय शाळेतला आहे, गुणोत्तर आणि प्रमाण. लगेच पुढे ढकलू नका, गोष्ट शेतातली आहे.

पोळ्याला मी पुण्याहून धुळ्याकडे मामांच्या गावी गेलो होतो. कपाशीवर फवारणी चालू होती. मामांचा जुना पंप १५ लिटरचा, त्याला ते ३० मिली औषध टाकायचे. आता नवा पंप आणला, २० लिटरचा. मग औषध किती?

सातवीतली मामेबहीण पटकन म्हणाली, "३५! पाणी पाचने वाढलं, औषध पण पाचने वाढवा."

मामा टोपणात मोजायलाच लागले होते. मी म्हटलं, मामा, जरा थांबा.

खरं सांगू? मला हसू नाही आलं. सातवीत मीही असंच करायचो. मग तिरपा गुणाकार पाठ केला, मार्क मिळाले, पुढे बीटेकही झालं. पण तो गुणाकार का करायचा, हे कधी विचारलंच नाही.

मी तिला म्हटलं, "तुझाच नियम उलटा चालव. १० लिटरला किती?"

"२५."

"५ लिटरला?"

"२०."

"आणि शून्य लिटरला?"

"१५... पण दादा, पंपात पाणीच नाही तर औषध कशाला?"

बस, इथेच तिला कळलं. १५ लिटरला ३० मिली, म्हणजे एका लिटरला २ मिली. हे २ बदलायचं नाही. २० लिटरला ४० मिली. ३५ टाकलं असतं तर लिटरला पावणेदोनच पडलं असतं, म्हणजे औषध कमी. आणि तोच नियम १० लिटरच्या पंपाला लावला तर लिटरला अडीच मिली, म्हणजे औषध जास्त. चूक एकच, पण एकदा कीड वाचते आणि एकदा पीक भाजू शकतं.

ही रीत आपल्याच मातीत जपली गेली आहे बरं का. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. त्यात याला त्रैराशिक म्हणतात. तीन माहीत, चौथं काढायचं. १५ हे प्रमाण, ३० हे फल, २० ही इच्छा. फल गुणिले इच्छा, भागिले प्रमाण. ३० गुणिले २० म्हणजे ६००, त्याला १५ ने भागलं की ४०. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, हे त्यात कोरलंय. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यात याचे वर्ग भरत होते!

पण सूत्र मिळालं म्हणून सगळीकडे लावू नका. सहा जण चार दिवसांत कापूस वेचतात, तर त्याच वेगाने बारा जण किती दिवसांत? आठ नाही, दोन. इथे गुणाकार सारखा राहतो, सहा चोक चोवीस, बारा दुणे चोवीस. हे व्यस्त प्रमाण. भास्कराचार्यांनी तेही वेगळं सांगितलंय.

मग मी बहिणीला शेवटचं विचारलं, "तू १२ ची, मी २८ चा. तू २४ ची होशील तेव्हा मी ५६ चा?"

ती हसली. "नाही रे दादा, ४० चा!"

बरोबर. वयात बेरीजच चालते. म्हणजे तिची बेरीज चुकली नव्हती, जागा चुकली होती.

म्हणून पेन उचलण्याआधी एवढंच विचारा, की इथे सारखं काय राहतंय? भागाकार, गुणाकार की फरक? उत्तर नंतर कॅल्क्युलेटरही देईल. हा प्रश्न मात्र तो विचारणार नाही.

घरात कोणी सातवीत असेल तर आज त्याला पंपाचं गणित घाला. ३५ म्हणालं तर रागावू नका, शून्य लिटरचं विचारा. भेटू पुढच्या भागात!