दुष्काळी कामावरील मजूर
(समितीच्या सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



जमाखर्चाचा तक्ता आपणांपुढे मांडण्यापूर्वी आम्हांस एका वादाविषयी बोलावयाचे आहे. तलावातील गाळ काढण्याच्या कामावर मजुरी कोणत्या हिशेबाने द्यावी, यावर यंदा समितीत मतभेद झाला. जितकी माती तितका पैसा, हा नियम सोडला तर धर्मादायाच्या पैशाने आळस पोसला जाईल, असे काही सभासदांचे म्हणणे. उपाशी माणसाच्या हातून माती निघणार ती किती, असा इतरांचा प्रश्न. हा वाद आमच्या समितीत प्रथम उत्पन्न झालेला नाही. दख्खनच्या कोरड्या मुलखात तो पूर्वी झालेला आहे, आणि त्याचा निकाल कसा लागला हे पाहिल्यावाचून आपण नवा ठराव करणे बरे नव्हे.

सन 1876 साली पाऊस फिरला. पुणे, सोलापूर, सातारा, नगर, विजापूर या बाजूस पीक हाती आले नाही. मुंबई सरकारने कामे काढली. दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव, म्हसवडचा तलाव, नीरेचा कालवा ही त्या वेळच्या दुष्काळी मजुरांची कामे होत. आज त्या लोहमार्गावरून जाणाऱ्या उतारूस भरावाखालील पाट्यांची आठवण होत नाही. ज्यांनी त्या वाहिल्या त्यांची नावे हजेरीपटापलीकडे कोठेही राहिलेली नाहीत.

सन 1877 च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांस पाहणीकरिता पाठविले. याच गृहस्थाने 1874 साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून लोक जगविले होते आणि त्याबद्दल फार खर्च केला म्हणून बोल ऐकून घेतला होता. या खेपेस त्यांनी हात आखडला. धडधाकट पुरुषासही दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अगदी थोडे पैसे पुरे आहेत, असे त्यांनी ठरविले. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर कुदळ चालविणाऱ्याने त्यातच आपले भागवावयाचे. मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापास कडाडून विरोध केला. तुरुंगातील कैद्यासही याहून अधिक अन्न मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. मद्रास सरकारास काही महिन्यांतच ते माप वाढवावे लागले.

परंतु आमच्या दृष्टीने अधिक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट डॉक्टरसाहेबांची नव्हे, मजुरांची आहे. मुंबई इलाख्यात गावाजवळची लहान कामे बंद करून लोकांस दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचा हुकूम झाला आणि त्याच सुमारास मजुरीही उतरविली गेली. तेव्हा हजारो स्त्रीपुरुषांनी फावडी खाली ठेवली आणि ते कामावरून उठून गेले. पोटात अन्न नाही, घरी दाणा नाही, आणि तरीही एवढ्या मजुरीवर राबणार नाही, असे म्हणणारे हे लोक! सरकारी कागदांत याचा अर्थ असा काढला गेला की, यांना खरी गरज नव्हती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतून हकिकती गोळा करून सरकारपुढे ठेवल्या. गणेश वासुदेव जोशी त्या सभेचा प्राण होते. दोन वर्षांच्या त्या दुष्काळात इंग्रजी मुलखात सुमारे पंचावन्न लक्ष माणसे दगावली, असा अंदाज नमूद आहे. ज्यांना गरज नव्हती ते इतक्या संख्येने मरत नसतात.

त्याच 1877 साली जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडी येथे दुष्काळपीडितांच्या मुलांसाठी अन्नछत्र चालविले. तेथे पोराने किती माती उपसली हे कोणी विचारले नाही. पुढे 1883 साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यातील शेतकरी दयेचा विषय नाही; तो हिशेब मागणारा आहे. त्याच मंडळींतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची बाजू हाती घेतली आणि 1890 साली त्यांस रविवारची सुट्टी मिळवून दिली. गिरणीतला कामगार व दुष्काळी कामावरचा मजूर ही दोन निराळी माणसे नव्हेत. सातारा, पुणे, कोकण या भागांतून शेती साथ देईना म्हणून निघालेला माणूसच मुंबईत साच्यावर उभा राहिला.

आमच्या वाङ्मयाने या माणसाकडे फार उशिरा पाहिले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांस मोकळे केले आणि त्याची भरपाई करण्यास विठ्ठल बिदरच्या दरबारी गेला. आम्हांस या कथेत नेहमी नवल वाटते ते हे की, देव तेथे राजाचे वा सावकाराचे रूप घेऊन गेला नाही, विठू महार होऊन गेला. कथेचे नाव मात्र धान्य देणाऱ्याचे. खाणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तिच्यात नाही. गिरणीच्या जगावर मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ लिहिली ती 1933 साली. अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ 1959 ची. तीत धान्य कोणी उदार होऊन देत नाही, उपाशी लोकांसाठी ते लुटून आणावे लागते. ‘स्मशानातील सोनं’ या त्यांच्या कथेतील भीमा खाणीत दगड फोडणारा आहे. खाण बंद पडते, आणि पोटासाठी तो जे करतो ते वाचून अंगावर काटा येतो. भीमास दान नको होते, त्यास खाण हवी होती. नारायण सुर्वे यांस तर जन्मतःच कोणी टाकून दिले होते; त्यांस उचलून वाढविले ते एका गिरणीकामगाराने. म्हणजे कवीसही आपल्याकडे मजुरानेच पोसले!

आता 1972 चा दुष्काळ. तो या सभेतील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द उच्चारले की त्यांस पुढचे सांगावे लागत नाही. सन 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लक्षांच्या आसपास माणसे होती. खडी फुटत होती, नालाबांध उठत होते, आणि 1877 सारखी माणसे मेली नाहीत. वि. स. पागे यांनी काही वर्षे आधीच तासगावकडे करून पाहिलेली कल्पना पुढे रोजगार हमीचा कायदा झाली. तो 1977 साली मंजूर होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागणे हा तेव्हापासून अर्ज राहिला नाही, हक्क झाला. तरी तेथेही मजुरी मापावरच राहिली, आणि मापाचा फटका म्हातारीस, गरोदर बाईस व अजारातून उठलेल्या गड्यास अधिक बसतो हे कामावर गेलेला प्रत्येक जण जाणतो.

सन 1982 च्या गिरणीसंपानंतर खानापूर तालुक्यात परतलेल्या कामगारांस गावी दुष्काळच भेटला. मुंबईत संघटित झालेली तीच माणसे येथे रोजगार हमीच्या कामावर उभी राहिली. खडी फोडून आमचा दुष्काळ हटत नाही, पाणी अडविणारे काम द्या, अशी मागणी त्या चळवळीत पुढे आली, आणि येरळा नदीवर बळीराजा धरण उठले. कोणते काम काढावे हे मजुरास समजते, याचा आणखी पुरावा आम्ही देत नाही.

आता आमच्या तलावाकडे येतो. गेल्या हंगामात पहिले तीन आठवडे आम्ही केवळ मापाने मजुरी दिली. चौथ्या आठवड्यात एक वृद्ध बाई कामावर येईनाशी झाली. चौकशी करता कळले की, तिची मजुरी इतकी थोडी निघे की ती अर्धपोटी राही, आणि दुसऱ्या दिवशी पाट्या आणखी कमी भरत. टेंपलसाहेबांचे गणित आम्ही नकळत आमच्या वहीत उतरविले होते. हा दोष मुकादमाचा नव्हे, आमचा होय.

म्हणून कार्यकारी मंडळाने असे ठरविले आहे: हजेरी लागली की पोटापुरती मजुरी प्रत्येकास सारखी मिळेल, त्याहून अधिक माती काढणाऱ्यास मापाप्रमाणे वर पैसे मिळतील, मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी रोख वाटली जाईल, आणि पुढील काम ठरविताना मजुरांतील दोन माणसे, त्यांत एक बाई, आमच्याबरोबर बसतील. यामुळे खर्च वाढेल हे आम्ही लपवीत नाही. शिलकेतून तो भागणार नाही. सभा संपताच खजिनदार पावतीपुस्तक घेऊन दाराशी बसतील. ज्यांस रोख देणे सोयीचे नसेल त्यांनी ज्वारीची पोती आपल्या नावाने लिहवून द्यावीत, ती आमची गाडी येऊन नेईल.