करणी, भानामती आणि ख्रिस्ती माणसाची श्रद्धा

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



उत्सवाच्या दिवशीं गोड बोलावें असा शिष्टाचार आहे. परंतु मला नेमून दिलेला विषय गोड नाहीं. करणी, मूठ, भानामती, 'बाहेरची बाधा' हे शब्द ज्या घराच्या कानीं पडले नाहींत असें घर आपल्या बीड जिल्ह्यांत विरळा. आणि ख्रिस्ती घरें ह्यास अपवाद आहेत असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. रविवारीं मिस्साबलिदानास यावें आणि अमावास्येला देवऋष्याच्या ओट्यावर बसावें, गळ्यांत क्रूस आणि दंडांत ताईत, असे आपल्यांतहि कांहीं आहेत.

भानामतीचे प्रकार मराठवाड्याला नवे नाहींत. घरावर दगड पडतात, वाळत घातलेलीं लुगडीं पेटतात, अंगावर काळ्या फुल्या उमटतात, बायका कुत्र्यासारख्या भुंकूं लागतात. ज्यांनीं धीर धरून शोध केला त्यांना फुल्यांच्या मुळाशीं बिब्ब्याचें तेल आणि भुंकण्याच्या मुळाशीं बहुधा दबलेलें दुःख आढळलें. ज्या सुनेला सासरीं तोंड उघडण्याची सोय नाहीं, तिचें दुःख ह्या वाटेनें बाहेर पडतें. तिला वैद्याची आणि मायेच्या शब्दाची गरज असते; मिळते ती मिरचीची धुरी आणि वेताचे फटके. पुढें 'करणी केली कोणीं?' असा प्रश्न निघाला कीं बोट जातें तें बहुधा एखाद्या निराधार विधवेकडे. पाटलावर करणीचा आळ आल्याचें मीं तरी ऐकलेलें नाहीं!

ह्याविषयीं पवित्र शास्त्राची आज्ञा स्पष्ट आहे. अनुवादाच्या १८ व्या अध्यायांत मंत्रतंत्र, शकुन आणि मृतांना विचारणें निषिद्ध ठरविलें आहे. प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १९, ह्यांत इफिस येथील जादुगारांनीं श्रद्धा ठेवल्यावर आपलीं पुस्तकें सर्वांदेखत जाळलीं. त्यांची किंमत पन्नास हजार रौप्यमुद्रा भरली. तीं पुस्तकें विकून पैसे करतां आले असते, तें त्यांनीं केलें नाहीं. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कथोलिक धर्मशिक्षण-ग्रंथांतहि दुसऱ्याच्या अपायासाठीं केलेली जादू तर निंद्य ठरविली आहेच, पण 'बरें करण्यासाठीं' केलेली जादूहि वर्ज्य ठरविली आहे.

सैतान आहे हें आपण नाकारीत नाहीं. तथापि भूतनिरसनाचा विधि बिशपांच्या स्पष्ट परवानगीवांचून कोणा धर्मगुरूलाहि करतां येत नाहीं, आणि तत्पूर्वीं तो आजार नाहीं ह्याची खात्री करावी लागते. एवढी सावधगिरी ख्रिस्तसभेनें कां बाळगावी? कारण ह्या बाबतींत तिच्या लेकरांनीं पूर्वीं भयंकर पाप केलें आहे. युरोपांत १५ व्या ते १८ व्या शतकांत चेटकाच्या आरोपावरून सुमारें चाळीस ते पन्नास हजार माणसें मारलीं गेलीं; त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनींच हें केलें. त्या काळोखांत फ्रीड्रिख श्पे हा जर्मन येशूसंघीय धर्मगुरु उभा राहिला. १६३१ सालीं त्यानें आपलें नांव न घालतां 'काउत्सिओ क्रिमिनालिस' नांवाचा ग्रंथ छापविला आणि सांगितलें कीं, छळ केल्यावर कोणीहि कांहींहि कबूल करील. १६३५ सालीं ट्रीअर येथें साथीच्या रोग्यांची सेवा करतांना त्याला मृत्यु आला. आपल्या गांवांत एखादीला 'चेटकी' म्हटलें जाईल तेव्हां आपली जागा श्पे ह्याच्या बाजूला आहे.

आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचेंहि ऋण मान्य केलें पाहिजे. ईश्वराविषयीं त्यांचें आपलें मत जुळत नव्हतें; म्हणून कांहीं बांधवांना त्यांचें नांव येथें रुचणार नाहीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षें कैद व पांच ते पन्नास हजार रुपये दंड अशी त्यांत शिक्षा आहे. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें, एखाद्यास करणी करणारा ठरवून त्याचें जगणें कठीण करणें, साप, विंचू वा कुत्रा चावला असतां औषधोपचारास अडवून मंत्र घालणें, हे सर्व गुन्हे आहेत. 'प्रार्थना केली, आतां गोळ्या सोडा' असें सांगणाऱ्या आपल्यांतील उपदेशकांनींहि हें नीट ध्यानांत घ्यावें. सिराखाच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत वैद्याचा मान राखण्यास सांगितलें आहे, कारण औषधी देवानेंच भूमींतून निर्माण केल्या. तीर्थाचें पाणी आणि मेडल हीं श्रद्धेचीं साधनें आहेत. त्यांचा ताईत केला कीं आपणहि देवऋष्याच्याच ओट्यावर बसलों.

परंतु केवळ दोष देऊन भागणार नाहीं. देवऋषी हाकेच्या अंतरावर असतो, आणि उधार घेतो. दवाखाना दूर, आणि तेथें रोख लागते. दिवाळीच्या सुमारास आपलीं कुटुंबें ऊसतोडीला जातात. फडांत, कोपीवर, रात्रीं साप चावतो. पुष्कळ साप बिनविषारी असतात, विषारी सापहि प्रत्येक दंशांत विष सोडतोच असें नाहीं. म्हणून मांत्रिकाला यश येतें, आणि ज्याला नाग, मण्यार वा घोणस खरोखर डसली त्याचा वेळ जातो. त्याला प्रतिविषाची लस हवी, तीहि लवकर.

म्हणून माझी विनंति एवढीच आहे. यंदा टोळ्या निघण्यापूर्वीं प्रत्येक टोळीमागें एक जबाबदार माणूस नेमावा. कारखान्याजवळचें सरकारी रुग्णालय कोठें आहे हें त्यानें आधींच विचारून ठेवावें, आणि गाडीभाड्यापुरती रक्कम पॅरिशच्या निधींतून त्याच्या हातीं द्यावी. महोत्सवाच्या खर्चांतून जें उरेल तें ह्या कामीं लावण्यास धर्मगुरुवर्यांची संमति मीं घेतलेली आहे. आपलीं नांवें आज सभेनंतर दाराशीं लिहून घेण्यांत येतील.